नवमीला न्हालेलं पोलाद

खंडेनवमीच्या सकाळी नेहा जगदाळे आपल्याच कारखान्याच्या फाटकातून आत शिरली आणि तिला वाटलं, आपण चुकून कुणाच्या तरी लग्नघरी आलो. फाटकाला आंब्याचं तोरण, दोन्ही बाजूंना केळीचे खांब, जमिनीवर रांगोळी आणि हवेत धूप नि घासलेट यांचा मिश्र सुवास. मधोमध दोन टनी हातोडा झेंडूची दंडाएवढी माळ गळ्यात घालून नवरदेवासारखा अवघडून उभा होता.

इथवर ठीक होतं. हे दरवर्षीचंच.

जगदाळ्यांचं घराणं देवासच्या धाकट्या पातीच्या चाकरीतलं. या गावात एके काळी दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती, आणि दोघांमध्ये एक रस्ता. नेहाचे खापरपणजोबा धाकट्या पातीच्या फीलखान्याचे कारभारी होते. फीलखाना म्हणजे हत्तींचा गोठा, पण हा खुलासा तिच्या वडिलांसमोर, म्हणजे तात्यासाहेबांसमोर, कोणी करत नसे. घरात तलवारी होत्या. त्या काळाच्या ओघात गेल्या. एक आत्याबाईंच्या सासरी, एक कोर्टात, एक अशीच. ढाल होती, ती एकदा खिळ्यावरून निसटून दिवाणजींच्या पायावर पडली, तेव्हापासून तिचाही पत्ता नाही. शस्त्रं गेली, शस्त्रपूजा मात्र राहिली, आणि पुजायचं काय हा दरवर्षीचा प्रश्न होऊन बसला. सुरीविळीवर भागवायचं म्हणजे घराण्याची शोभा. म्हणून तात्यासाहेबांनी औद्योगिक वसाहतीत फोर्जिंगचा, म्हणजे तापलेलं लोखंड ठोकून घडवायचा, कारखाना काढला, तेव्हा लोक नफ्याचं विचारत होते आणि सगुणाबाई, म्हणजे नेहाच्या आईसाहेब, म्हणत होत्या, चला, घरात पुन्हा पुजण्याजोगं लोखंड आलं.

पूजेचे नियम दोन. पहिला, घरातलं सगळं लोखंड धुऊन पुसून लख्ख करायचं. दुसरा, एकदा हळदकुंकू वाहिलं की दसऱ्याची पूजा होईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही.

नेहाची नजर हातोड्यावरून कोपऱ्याकडे गेली आणि तिथेच अडकली. तिथे पोलादाचे तुकडे लाडवांसारखे रचून ठेवले होते. प्रत्येकाला गेरू फासलेला आणि प्रत्येकाच्या तोंडावर पांढरं स्वस्तिक.

"आईसाहेब," ती शक्य तितक्या शांतपणे म्हणाली, "हे तुकडे कुणी रंगवले?"

"रंगवले काय? न्हाऊ घातले," सगुणाबाई म्हणाल्या. पैठणी नेसून, हातात तबक घेऊन त्या ग्राइंडरला अक्षता वाहत होत्या. "केवढे घाण ठेवले होतेस गं. कुणाच्या तोंडाला पिवळं, कुणाच्या निळं. होळी खेळून आल्यासारखे. म्हटलं, नवं पोलाद पहिल्यांदाच घरात आलंय, सुनेला आणतो तसं आणावं. घासलेटने पुसून घेतले, मग गेरू दिला."

"सगळे?"

"एक म्हणून सोडला नाही."

हातोडा चालवणारा कमलसिंह बाजूला उभा होता. कोपरापर्यंत गेरूने माखलेला आणि चेहऱ्यावर शाबासकीची प्रतीक्षा. "एक-एक को रगड़ा है, दीदी. अब बताओ, कहीं रंग दिख रिया है क्या?"

रंग कुठेच दिसत नव्हता. नेहा खाली बसली.

तिच्या बसण्याचं कारण समजायला थोडं पोलादाकडे वळावं लागेल. पिवळा रंग होता तो खास पोलादाचा आणि निळा होता साध्या पोलादाचा. दोन्ही दिसायला सारखी. काळी, गोल, हातभर लांब, वजनालाही जवळजवळ जुळी. फरक पोटात. नेहा धार जिल्ह्यात, पीथमपुरात, पोलादाच्या कारखान्यात बरीच वर्षं नोकरीला होती. तिथे खास पोलाद कसं करतात ते तिने एकदा तात्यासाहेबांना समजावून सांगितलं होतं. आधी भंगार विजेच्या भट्टीत वितळवायचं. मग तो रस मोठ्या पातेल्यात घेऊन त्यातला गंधक वगैरे मळ काढायचा. मग पातेलं बंद करून आतली हवा ओढून घ्यायची, म्हणजे रसात लपलेले वायू निघून जातात, नाही तर ते पुढे पोलादाला आतून तडकवतात. आणि मापून मापून निकेल, क्रोमियम, मॉलिब्डेनम घालायचं. तात्यासाहेबांनी डोळे मिटून सगळं ऐकलं होतं आणि म्हणाले होते, "म्हणजे वरण तेच, फोडणी वेगळी."

ही फोडणी घातलेलं पोलाद क्रेनच्या गिअरबॉक्सच्या शाफ्टसाठी होतं. त्या जागी साधं पोलाद घातलं तर चालतं. चालतं, चालतं, आणि एक दिवस चालत नाही. त्या दिवशी क्रेनला टांगलेल्या ओझ्याला आणि खाली विडी ओढत उभ्या असलेल्या माणसाला आगाऊ कळवण्याची काही सोय नसते.

आणि शाफ्टच्या या कामावर कारखान्याचा जीव टांगलेला होता. आजवर इथे ट्रॅक्टरचे साधे भाग ठोकले जात. ते काम आता गल्लोगल्ली होतं. नेहाचा थोरला भाऊ राजवर्धन याचं मत स्पष्ट होतं, की हातोडा विकावा आणि या जागेवर मॅरेज गार्डन काढावं. "लोखंड कुणाला लागतं, नेहा? लग्न सगळ्यांना लागतं." त्याच्याकडे नकाशा तयार होता, कनातींचे नमुने आले होते, आणि हातोड्याचा चौथरा तो वरवधूंच्या सिंहासनासाठी धरून चालला होता. नेहा नोकरी सोडून आली ती हातोडा वाचवायला. दोघांचं ऐकून तात्यासाहेबांनी दरबारी निवाडा दिला होता, की दसऱ्याच्या चाचणीत पीथमपूरवाल्यांनी आपलं खास पोलाद पसंत केलं तर हातोडा राहील, नाही तर शहनाई.

पीथमपूरच्या गिअरबॉक्स कंपनीचा तपासनीस उद्या, ऐन दसऱ्याला येणार होता. त्याच्यासमोर पहिला शाफ्ट ठोकायचा होता आणि चाचणीचे सगळे तुकडे त्याला मोजून दाखवायचे होते.

"आता कोणता कोणता, ते कसं ओळखायचं?" नेहा म्हणाली.

एवढ्यात सगुणाबाईंच्या लक्षात आलं की काही तरी झालंय. त्यांनी तबक खाली ठेवलं. "ते रंग खुणेचे होते होय? मग तसं पाटीवर लिहायचं. घाण आणि खूण एकसारखी दिसली तर दोष कुणाचा?"

सगुणाबाईंशी वाद घालून जिंकलेला माणूस अजून देवास जिल्ह्यात जन्मायचा आहे, पार बागलीकडचा धरूनही.

राजवर्धन कनातवाल्याला घेऊन जागा मोजायला आला होता. त्याला सगळा प्रकार कळला तेव्हा त्याचा चेहरा सहानुभूतीने भरून आला. इतका, की नेहाला संशय आला.

"सिंपल है यार," तो म्हणाला. "अर्ध्यांना परत पिवळं लाव. तो भिया काय पोटात शिरून बघणार आहे का? रंग बघेल, सही करेल, पोहे खाईल, जाईल."

"आणि शाफ्ट तुटला तर?"

"तोवर त्याची गॅरंटी संपलेली असेल."

"माणसाची?"

राजवर्धनने मोजपट्टी गुंडाळली. तो वाईट नव्हता. लग्नाच्या धंद्यातला होता, दूरचं बघायची सवय नव्हती.

नेहाला एक उपाय ठाऊक होता. पोलादावर ग्राइंडर धरला की ठिणग्या उडतात आणि प्रत्येक जातीची ठिणगी वेगळी. साध्या पोलादाची फुलबाजीसारखी, फाटे फुटत जाते. निकेल-मॉलिब्डेनमवाल्याची आखूड, मंद, आणि टोकाशी भाल्याच्या पात्यासारखा एक तुकडा सुटा होऊन उडतो. तिने ग्राइंडरकडे हात नेला.

"हात मागे घे," सगुणाबाई म्हणाल्या. "त्याची पूजा झालीय."

"आईसाहेब, कारखाना जाईल."

"जाईल तर जाईल. नवमीला पुजलेलं शस्त्र हलवून राहिलेला कारखाना मला नको."

तात्यासाहेब हातोड्याच्या चौथऱ्याशी खुर्ची टाकून बसले होते. पगडी घातलेली, पण उकाड्यामुळे थोडी मागे सरकवलेली. त्यांनी आजवर बायकोच्या विरुद्ध निकाल दिला नव्हता आणि मुलीचं तोंड पाहवत नव्हतं. अशा प्रसंगी त्यांचे वाडवडील जे करत तेच त्यांनी केलं. शास्त्रीबुवांना विचारलं.

घराण्याचे उपाध्ये कृष्णाजी शास्त्री एका यजमानाबरोबर नेमावरला नर्मदेवर गेले होते. फोन लागला तेव्हा मागे घंटा आणि माणसांचा गलका चालू होता. तात्यासाहेबांनी फोन सगळ्यांना ऐकू येईल असा धरला.

"शास्त्रीबुवा, नवमीला पुजलेलं शस्त्र उचलावं की नाही?"

"शत्रू दारात असेल तर उचलावं. शत्रू कोण?"

"पीथमपूरचा इन्स्पेक्टर."

"आलाय?"

"उद्या येणार."

"मग अजून दारात नाही. उचलू नये." शास्त्रीबुवा जरा थांबले. "शस्त्र कोणतं?"

"ग्राइंडर," नेहा पुढे होऊन म्हणाली. "गोल दगड असतो, विजेवर फिरतो. त्याने घासायचं."

"म्हणजे सहाण!" शास्त्रीबुवा ओरडले. गलक्यामुळे की आनंदाने, ते कळलं नाही. "अहो, तलवारीला धार लावतात तो दगड शस्त्र कसा होईल? सहाणेला कसली आली नवमी? खुशाल फिरवा."

"मग मी त्याला हळदकुंकू वाहिलं ते?" सगुणाबाईंनी विचारलं.

"त्याचा मान वाढला, वहिनीसाहेब. काम नाही थांबलं."

सगुणाबाईंनी क्षणभर विचार केला. मग त्यांनी स्वतः ग्राइंडरवरचं फूल उतरवलं, नमस्कार केला आणि तो मुलीच्या हातात दिला. "पण हातोड्याला उद्यापर्यंत कोणी शिवायचं नाही," त्यांनी बजावलं. हरल्यावरही अट घालण्याची ही त्यांची जुनी पद्धत.

ठिणग्या नीट दिसायला अंधार हवा आणि आश्विनातलं ऊन तर मी म्हणत होतं. राजवर्धनच्या कनाती जमिनीवर पडल्या होत्या. लाल मखमलीच्या, सोनेरी झालरीच्या. नेहाने त्याच्याकडे पाहिलं. राजवर्धनने कनातवाल्याकडे पाहिलं. कनातवाला म्हणाला, "जल गई तो?" पण तोवर कमलसिंहाने दोन कनाती उचलून पत्र्याच्या शेडला टांगल्याही होत्या. आत असा अंधार झाला की कुणाचं तरी चोरून लग्न लावायचंय असं वाटावं.

कमलसिंह एकेक तुकडा पुढे ठेवी, नेहा त्याच्या कडेला ग्राइंडर टेकवी, ठिणग्यांचा झोत उडे. पहिला तुकडा फुलबाजीसारखा फुलला. साधा. दुसराही साधा. तिसऱ्याची ठिणगी आखूड निघाली आणि टोकाशी नारिंगी पातं सुटून उडालं.

"भाला!" तात्यासाहेब खुर्चीतून अर्धे उठले. "अगो, भाला आहे!"

"हो, तात्यासाहेब. हा आपला."

"हा आपला!" त्यांनी जाहीर केलं.

यानंतर त्यांना आवरणं कठीण झालं. ठिणगी उडायच्या आधीच ते "भाला!" म्हणून ओरडत आणि फुलबाजी निघाली की त्या तुकड्याकडे फितुराकडे बघावं तसं बघत. सगुणाबाई दूर उभ्या होत्या, त्या हळूहळू जवळ आल्या. थोड्या वेळाने "हा नाही हो, नीट बघा" असं नवऱ्याला सांगू लागल्या, आणि त्यांचंच बहुतेक बरोबर निघू लागलं. राजवर्धनही पैज लावायला लागला. नेहा मात्र शंका आली की तोच तुकडा दुसऱ्या बाजूने घासून पाही, आणि तरी शंका राहिली तर शेजारी खात्रीचा तुकडा ठेवून दोन्ही ठिणग्या ताडून बघे.

शेवटचा तुकडा झाला तेव्हा उजेडात येऊन तिने ढीग मोजले. आणि पुन्हा मोजले.

"चार कमी आहेत," ती म्हणाली.

खास पोलादाचे जितके तुकडे कापले होते त्यांतले चार नाहीसे झाले होते, आणि साध्या ढिगात चार वाढले होते. चाचणीचा माल पुरा नसेल तर तपासनीस हातही लावणार नाही, हे कंपनीने आधीच कळवलं होतं.

"तुझी नजर चुकली असेल," राजवर्धन म्हणाला. या वेळी तो खरंच समजूत घालत होता. "घामाघूम झालीस. चार इकडचे तिकडे झाले असतील. तेवढे चार घे ना यातले. ते बी असली ही होंगे."

खरं सांगायचं तर नेहाला ते घ्यायचे होते. फार घ्यायचे होते. ठिणगी काय, डोळ्यांचा खेळ, कोण छातीवर हात ठेवून सांगणार? तिने साध्या ढिगातले तुकडे पुन्हा एकेक घासून पाहिले. सगळे फुलबाजीसारखे फुलले. भाला एकातही नव्हता.

मग ती हातोड्यापासून जरा लांब जाऊन बसली. कमलसिंहाने चहा आणून दिला. तो निवत असताना तिच्या डोक्यात आलं की चारच का? नजर चुकली असती तर तीन कमी पडले असते, पाच पडले असते, एखादा जास्तही झाला असता. आणि एका सळईचे करवतीने किती तुकडे होतात? चार.

म्हणजे एक अख्खी सळई.

म्हणजे ती मुळातच साधी होती. तोंडाला पिवळा रंग लावून आली होती, आणि कापल्यावर तोच रंग चारही तुकड्यांना लावला गेला होता. माल इंदूरच्या एका व्यापाऱ्याकडून घेतलेला. नेहाने आल्या आल्या एक सळई तपासली होती, कागद पाहिला होता, आणि बाकीच्या पिवळ्या तोंडांवर विश्वास ठेवला होता. सगळे ठेवतात तसा. आईसाहेबांनी घासलेट हातात घेतलं नसतं तर उद्या त्या सळईचे चार शाफ्ट झाले असते आणि तिनेच त्यांच्यावर सही केली असती.

हा विचार तिने घरच्यांना सांगितला. सगुणाबाईंनी तो पुरता ऐकून घेतला आणि "बघ" एवढंच म्हणाल्या. त्या एका अक्षरद्वयात पुढच्या दहा वर्षांची टोमण्यांची बेगमी होती.

"मग उद्या काय सांगणार?" तात्यासाहेबांनी विचारलं.

"जे झालं ते."

"तो परत जाईल."

"जाईल."

तात्यासाहेबांनी पगडी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "चार कमी तर चार कमी. उसने आणून मोजणी भरायची नाही." आणि राजवर्धनकडे न बघता पुढे म्हणाले, "तुमच्या कनाती गुंडाळून ठेवा. लागतीलसं दिसतंय."

दसऱ्याच्या सकाळी पूजा आटोपली, हातोडा मोकळा झाला, आणि तपासनीस अंबरीश गर्दे आले. धारचे. उंच, सडसडीत, तोंडावर जन्मजात नापसंती. जेवताना मीठ जास्त आहे की कमी, हे ज्यांच्या बायकोला चाळीस वर्षांत कळत नाही, त्या जातीचे.

"या, गर्देसाहेब," तात्यासाहेबांनी स्वागत केलं. "धारेकडची मंडळी आमच्याकडे म्हणजे दुग्धशर्करा योग."

"मला डायबेटिस आहे," गर्दे म्हणाले. "माल कुठाय?"

नेहाने त्यांना कोपऱ्यात नेलं आणि सगळं सांगितलं. रंग, घासलेट, गेरू, ठिणग्या, चार कमी, आणि तिचा तर्क. सांगताना तिने आईसाहेबांचं नाव घेतलं नाही. "आमच्याकडून खुणा पुसल्या गेल्या" म्हणाली. मागून सगुणाबाईंनी दुरुस्ती केली, "मी पुसल्या."

गर्दे ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मॅडम, खुणा पुसल्या गेल्या म्हणजे माल बाद. तुमच्या ठिणग्या मला चालत नाहीत. शिवाय माल अपुरा. नियमाप्रमाणे मी आत्ता परत जायला हवं."

"हो."

"नियमाप्रमाणे कोणी मला असं सांगतही नाही. मी पकडतो, मग लोक माझ्या खुर्चीखाली शिरून रडतात. तुम्ही सांगितलंत, तर आता मी करायचं काय?" ते खरोखर अडचणीत पडलेले दिसत होते. मग एकदम त्यांचा आवाज बदलला. "सळई कुणाकडून घेतलीत म्हणालात?"

नेहाने व्यापाऱ्याचं नाव सांगितलं.

गर्द्यांच्या तोंडावरची नापसंती जाऊन तिथे भीती आली, आणि ती त्यांना मुळीच शोभत नव्हती. "त्याच माणसाचा माल आमचा दुसरा एक कारखानदार वापरतो," ते म्हणाले. "त्याचे शाफ्ट आमच्या गोदामात आहेत. काही गिअरबॉक्समध्ये बसलेसुद्धा. सगळ्यांची तोंडं पिवळी होती. मीच पाहिली." ते घाईने वळले. "गाडी आहे का? हे सगळे तुकडे टाका तिच्यात. आमच्या लॅबमध्ये यंत्र आहे. नुसतं टेकवलं की पोटातलं सांगतं. चला."

"आज दसरा आहे," तात्यासाहेब म्हणाले. "तुमची लॅब बंद असेल."

"किल्ली माझ्याकडे असते. एरवी लोक शांतपणे चुका काढू देत नाहीत म्हणून मी सुट्टीलाच काम करतो."

राजवर्धनची लोडिंग गाडी उभीच होती, खुर्च्या वाहायची. तुकडे तिच्यात चढले. देवीच्या टेकरीवरून दर्शन करून उतरणाऱ्या माणसांतून वाट काढत गाडी बायपासला लागली आणि पीथमपूरला पोचली. तात्यासाहेब पुढे बसले होते, पगडीसकट. "सीमोल्लंघन," एवढंच ते वाटेत म्हणाले, आणि झोपले.

लॅबमधलं यंत्र पिस्तुलासारखं होतं. गर्दे ते प्रत्येक तुकड्याला टेकवत, पडद्यावर आकडे उमटत. निकेल, क्रोमियम, मॉलिब्डेनम. नेहाच्या ढिगातला एकही तुकडा चुकला नाही. मग साधा ढीग. त्यातही भलतं काही नव्हतं, सगळं साधं. वाढलेल्या चारांसकट.

गर्दे तिथून सरळ गोदामात गेले. यंत्र घेऊन. नेहाही मागोमाग गेली. दुसऱ्या कारखानदाराचे शाफ्ट तेलकट कागदात गुंडाळून मांडणीवर झोपले होते. काही बरोबर निघाले. मग एक आला ज्याच्यात निकेल नावालाही नव्हतं. मग आणखी एक. गर्दे प्रत्येकाला खडूने फुली मारत गेले. फुल्या झाल्यावर त्यांनी कुणाला तरी फोन लावला आणि बसलेले सगळे गिअरबॉक्स उघडायला सांगितले. पलीकडचा माणूस सणाचं कारण सांगत असावा, कारण गर्दे म्हणाले, "सण उद्याही असतो. क्रेन उद्या चालू होईल."

मग ते नेहाकडे वळले. "तुमचा माल अपुराच आहे. पण मी अपुरा म्हणून पुढे घेतो. भट्टी पेटवा."

भट्टी कमलसिंहाने सकाळीच पेटवून ठेवली होती, कारण दीदी परत येईल अशी त्याची खात्री होती, किंवा सणाला भट्टी थंड राहू नये म्हणून. त्याने कधी सांगितलं नाही. गर्द्यांना घेऊन परत आल्यावर तुकडे आत गेले, आणि पोटापर्यंत तापायला पुरेसा वेळ देऊन, ऊन कलता कलता पहिला बाहेर आला. लांब सांडशीत धरलेला, पिकल्या संत्र्याच्या रंगाचा, अंगावरून खपल्या गाळत. तो साच्यात बसला आणि हातोडा आला.

साध्या पोलादावर कमलसिंहाचा हात बसलेला होता. हे पोलाद तापूनही हट्टी. घाव घेत होतं, पण मान सहज तुकवत नव्हतं. दर घावाला जमीन हलत होती, कडेने ओघळलेली किनार लालसर पडत चालली होती, आणि आकार अजून पुरता भरला नव्हता.

"एक और, दीदी!" कमलसिंह ओरडला. "एक में बैठ जाएगा!"

"थांब!"

"बस एक!"

"थांब म्हणते ना! थंड पडलंय. आता मारलास तर तडकेल. परत भट्टीत."

"इतकी माणसं बघताहेत," तात्यासाहेब कुजबुजले. "एका घावासाठी माघार?"

"माघार नाही, तात्यासाहेब. विसावा."

तुकडा पुन्हा भट्टीत गेला, पुन्हा तापून आला, आणि या वेळी दोन घावांत शाफ्ट असा बसला की गर्देसुद्धा एक पाऊल पुढे आले. पण तो उघड्यावर ठेवायचा नव्हता. अशा पोलादाला वारा लागला की ते कडक होतं आणि आतून फाटतं. म्हणून तो कोरड्या राखेच्या खड्ड्यात पुरला आणि वरून आणखी राख लोटली. आता सकाळपर्यंत करण्यासारखं काही नव्हतं. गर्दे गावातल्या मावसबहिणीकडे मुक्कामाला गेले. जाताना सगुणाबाईंनी त्यांना सोन्याची पानं दिली आणि म्हणाल्या, "गोड खाऊ नका, पण सोनं घ्या." गर्द्यांनी ते वरच्या खिशात घातलं. हे त्यांच्याकडून अपेक्षित नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खड्डा उकरला तेव्हा राजवर्धनही आला होता. कनाती घेऊन नव्हे, रिकाम्या हातांनी. शाफ्ट हाताला कोमट लागत होता. गर्द्यांनी तो घासून घेतला, भिंग लावून कानाकोपरा पाहिला, लाल द्रव लावून पुसला, वर पांढरी भुकटी टाकली आणि तडा असेल तर तिथून लाल रेघ उमटायची वाट बघत उकिडवे बसले. सगळेच बसले. तात्यासाहेबही बसले, गुडघे दुखत असताना.

रेघ उमटली नाही.

गर्द्यांनी मापं घेतली, लिहिली, सही केली. पुढे कडक करणं, मऊ करणं, बरंच व्हायचं होतं, पण ठोकण्याचं काम पसंत होतं.

"पसंत तर?" तात्यासाहेबांनी विचारलं.

"चालेल," गर्दे म्हणाले.

"नुसतं चालेल?"

"तात्यासाहेब, धारमध्ये याच्या वरचा शब्द नाही."

तात्यासाहेब उठले, मुलीकडे बघून त्यांनी एकदा मान हलवली आणि राजवर्धनला म्हणाले, "जागा दुसरीकडे बघा. सरदारपूरकडे स्वस्त आहे म्हणतात." राजवर्धन "जी" म्हणाला. त्याला वाईट वाटलं होतं, पण परवापासून तोही थोडा ठिणग्यांच्या नादी लागला होता. नेहाने कमलसिंहाला पुढचा तुकडा काढायला सांगितलं, आणि मग इतका आवाज सुरू झाला की कोण काय बोललं ते कुणालाच ऐकू आलं नाही.